पिकअपचं पुढचं चाक: आधी दोष शोधा, मग पार्ट आणा



एरवी आपण इथे हिशेब, उधारी, भांडवल, गिऱ्हाईक यावर बोलतो. आज गाडीच्या पुढच्या चाकाखाली शिरायचं आहे. कारण सरळ आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचा सगळा धंदा एका पिकअपवर चालतो. टोमॅटोचे क्रेट असोत, दुधाचे कॅन असोत, मंडपाचं सामान असो, गाडी बंद पडली की त्या दिवशी गल्ला रिकामा. आणि खराब रस्ता, खड्डे, जास्तीचा माल या सगळ्याचा पहिला मार बसतो तो पुढच्या सस्पेन्शनला आणि चाकांना.

व्हिडिओत मी चाक काढून, हलवून दाखवलं आहे. इथे तेच सावकाश, क्रमाने लिहितो. मोबाइलवर उघडून गाडीशेजारी ठेवा आणि एकेक पायरी करत जा.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा धडा वाचून तुम्ही मिस्त्री होणार नाही. पण "पुढून आवाज येतोय, काय ते बघा" असं म्हणून गाडी सोडून येणारा मालक आणि "डावं चाक वर-खाली हलतंय, ब्रेक दाबला तरी हलतंय" असं सांगणारा मालक, या दोघांच्या बिलात फरक पडतो. तो फरक तुमच्या खिशात राहावा एवढाच हेतू आहे.

माझी चूक, माझेच पैसे

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी माझी एक जुनी पिकअप होती. पुढे पाटे असलेली. आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याणकडे भाजी न्यायचो. एकदा डाव्या बाजूने टक-टक आवाज यायला लागला. खड्ड्यात जास्त, सपाट रस्त्यावर कमी. स्टँडवर चार जणांना विचारलं. चौघांनीही सांगितलं, "शॉकअप गेले." मी दोन नवे शॉकअप आणले, एक दिवस गाडी उभी ठेवली आणि बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खड्ड्यात टक-टक!

मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "शॉकअप बदललेस, पण चाक उचलून हलवून बघितलंस का रे?"

"नाही काका."

त्यांनी चाक उचललं, वर-खाली हलवलं. माझ्या मुलाला ब्रेक दाबायला लावला आणि पुन्हा हलवलं. पाच मिनिटांत निकाल लागला. किंग पिनचे बुश झिजले होते. का झिजले? तिथला ग्रीस निप्पल चिखलाने बुजला होता. मी महिन्याच्या महिन्याला ग्रीस गन मारत होतो, पण ग्रीस आत जातच नव्हतं, बाहेरच्या बाहेर पडत होतं. काढलेले जुने शॉकअप काकांनी हाताने दाबून, ओढून बघितले आणि म्हणाले, "हे अजून चालले असते."

हिशेब मांडू या. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा. शॉकअपची जोडी ३,८०० रुपये, मजुरी ६०० रुपये, गाडी एक दिवस उभी म्हणून बुडालेली कमाई १,५०० रुपये. एकूण ५,९०० रुपये गेले आणि आवाज तसाच. किंग पिनचा खर्च पुढे झालाच, तो वेगळा. आणि तपासायला काय लागलं असतं? एक जॅक, एक माणूस, अर्धा तास.

म्हणून आजचा नियम वहीत लिहून ठेवा: दोष सापडल्याशिवाय पार्ट आणायचा नाही.

आपल्या गाडीला पुढे काय आहे, ते आधी बघा

सगळ्या पिकअपची पुढची रचना सारखी नसते. चाकाआड वाकून बॅटरीच्या उजेडात बघा.

पहिला प्रकार म्हणजे पाट्यांची गाडी. दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा ॲक्सल असतो आणि दोन्ही बाजूंना पाटे. पाटे ॲक्सलला यू-बोल्टने आवळलेले असतात. पाट्याच्या टोकांना पिन, शॅकल आणि बुश. या प्रकारात चाक बहुतेक वेळा किंग पिनवर वळतं.

दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी गाडी. इथे वर-खाली आर्म असतात, त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट असतात आणि वजन कॉइल स्प्रिंगवर किंवा टॉर्शन बारवर असतं. टॉर्शन बार म्हणजे चेसिसच्या कडेने गेलेली लांब दांडी. ती पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करते.

दोन्ही प्रकारांत समान असलेले भाग असे: शॉकअप, टायरॉड आणि त्याचे एंड, हब, व्हील बेअरिंग, ब्रेक, रिम आणि टायर. तुमच्या गाडीचं पुस्तक शोधून ठेवा. कोणता नट किती आवळायचा, ग्रीस किती किलोमीटरला भरायचं, हे आकडे त्यातूनच घ्यायचे. शेजारच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावू नका.

गाडी उचलण्याआधी: इथे घाई नाही

हा भाग वगळून कोणी पुढे जाऊ नका. जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. जॅकचं सील कधीही सुटू शकतं, जॅक मातीत रुतू शकतो, घसरू शकतो. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. पैसे पुन्हा मिळवता येतात, हात मिळवता येत नाही.

क्रम असा ठेवा:

१. गाडी रिकामी करा. सपाट आणि कडक जमिनीवर उभी करा. उतार नको, मऊ माती नको.

२. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

३. चाक जमिनीवर असतानाच व्हील नट थोडे सैल करा. फक्त थोडे. चाक उचलल्यावर जोर लावाल तर गाडी जॅकवरून हलेल.

४. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावा. उचला.

५. चेसिसखाली किंवा ॲक्सलखाली जॅक स्टँड लावा. जॅक हळूच खाली घेऊन वजन स्टँडवर येऊ द्या. विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे चालणार नाहीत, ते वजनाखाली अचानक फुटतात.

६. गाडीला बाजूने एक हलका धक्का द्या. डळमळली तर खाली उतरवून पुन्हा लावा.

जॅक स्टँडची जोडी नसेल तर आधी ती घ्या. मगच बाकीची हत्यारं.

पहिली तपासणी: चालवताना कान द्या

जॅक लावण्याआधी एक चक्कर मारा. रेडिओ बंद. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला शेजारी बसवा, कारण रोज गाडी तोच ऐकतो. त्याच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: आवाज कधी येतो, कोणत्या बाजूने येतो, माल भरल्यावर वाढतो की कमी होतो.

खड्ड्यात टक-टक: बुश, शॅकल, बॉल जॉइंट, किंग पिन, शॉकअपचे रबर, सैल यू-बोल्ट. यातलं काहीही असू शकतं. म्हणूनच नुसत्या आवाजावरून पार्ट आणायचा नाही.

वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज: बहुधा व्हील बेअरिंग किंवा टायरची वेडीवाकडी झीज. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर.

ठरावीक वेगात स्टिअरिंग थरथरतं: आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा, रिम वाकली आहे का बघा.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं: ब्रेकची डिस्क किंवा ड्रम बघा.

गाडी एका बाजूला ओढते: सगळ्यात आधी दोन्ही टायरची हवा मोजा. मग एखादा ब्रेक धरून राहिलाय का बघा. अलाइनमेंटचा नंबर त्यानंतर.

खड्ड्यानंतर पुढची चाकं जोरजोराने फडफडतात, स्टिअरिंग हातात राहत नाही: ही गाडी माल भरून चालवू नका. पाट्यांच्या गाडीत टायरॉड, किंग पिन, बेअरिंग यांतली ढिलाई एकत्र झाली की असं होतं.

चक्कर संपली की चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्या. हात लावू नका, जवळ न्या. डावं आणि उजवं यांची तुलना करा. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग त्रासात आहे.

दुसरी तपासणी: टायर काय सांगतो

टायरला पैसे पडत नाहीत आणि तो खोटं बोलत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे टायरचा पूर्ण पट्टा दिसेल.

मधला भाग जास्त झिजलाय? हवा जास्त भरली जाते.

दोन्ही कडा झिजल्यात? हवा कमी राहते, किंवा भार टायरला झेपत नाही.

एकच कड, आतली किंवा बाहेरची, झिजलीय? अलाइनमेंट बिघडलंय, किंवा किंग पिन, बॉल जॉइंट झिजून चाक कललंय.

टायरवरून आडवा हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं? चाकं एकमेकांना समांतर नाहीत. टो बिघडलाय.

ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्यात? शॉकअप कमजोर आहेत किंवा बॅलन्सिंग नाही.

हात फिरवताना जपून. टायरमधली तार बाहेर आली असेल तर हात कापतो. आणि तार दिसली म्हणजे तो टायर संपला, बाकी तपासणी नंतर.

नवा टायर टाकून जुना दोष तसाच ठेवला तर नवा टायरही तसाच झिजतो. दरवर्षी पुढचा टायर बदलावा लागतोय असं म्हणणाऱ्यांनी टायरचा खर्च सस्पेन्शनच्या खात्यात लिहून बघावा.

तिसरी तपासणी: चाक हलवून बघा

आता चाक उचला, स्टँड लावा. चाक घड्याळ आहे असं समजा.

बारा आणि सहा. एक हात वर, एक हात खाली. एका हाताने ढकला, दुसऱ्याने ओढा. प्ले जाणवला? आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर तो किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा. हीच ती काकांची पाच मिनिटांची युक्ती.

नऊ आणि तीन. दोन्ही हात बाजूंना. इथे प्ले असला आणि बारा-सहाला नसला तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगचे जोड बघा. खात्री करायला गाडी जमिनीवर उतरवा, इंजिन बंद ठेवा, एकाला स्टिअरिंग किंचित डावं-उजवं करायला सांगा आणि तुम्ही टायरॉडच्या जोडावर बोटं ठेवा. जो जोड आधी खडखडतो आणि मग हलतो, तो गेला.

चाक फिरवा. हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर किंवा पाट्यावर ठेवा. खरखर हाताला जाणवली तर बेअरिंग. एका ठिकाणी अडकून पुढे जात असेल तर ब्रेक किंवा वाकलेली डिस्क.

बॉल जॉइंटवाल्यांसाठी एक गोष्ट. ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर आहे, तिथे चेसिसवर उचललेल्या गाडीत बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि प्ले लपतो. आधी चेसिसला स्टँड लावा, मग खालच्या आर्मखाली जॅक लावून तो थोडा उचला, चाक जमिनीपासून जेमतेम सुटलेलं ठेवा आणि टायरखाली लांब टॉमी घालून हलकेच उचकवा.

यानंतर डोळ्यांनी बघा. पाट्यात तडा आहे का? तड्यावर बहुधा गंजाची रेघ किंवा ताजी चकाकी दिसते. पाटे एकमेकांवरून सरकलेत का? मधला सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्टच्या नटाभोवती लाल गंजाची भुकटी म्हणजे तिथे हालचाल होतेय. शॉकअपवर तेल ओघळलंय का? नुसती ओलसर धूळ वेगळी आणि तेलाचा ओघळ वेगळा. माझ्या गाडीच्या शॉकअपवर ओघळ नव्हता, हे मी आणायला जाण्याआधी बघायला हवं होतं.

नवशिक्याने करण्याजोगी कामं

ग्रीसिंग. निप्पल आधी फडक्याने पुसा, मग गन लावा. जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर निप्पल बुजलाय. काढून साफ करा किंवा नवा टाका. निप्पल म्हणजे चहा-वड्याच्या पैशांतली वस्तू आहे, पण तो बुजला की किंग पिनचं काम काढतो.

टेपर रोलर बेअरिंगचं ग्रीस. बऱ्याच पिकअपच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. नव्या काही गाड्यांत सीलबंद हब युनिट असतं, ते उघडायचं नसतं. गेलं की पूर्ण बदलायचं. तुमच्या गाडीला काय आहे ते पुस्तकात बघा.

टेपर रोलर असतील तर काम जमण्यासारखं आहे, पण पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवा. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तो होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. ब्रेकची धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, पूर्ण सुकवा. हवेच्या प्रेशरने बेअरिंग गरगर फिरवायची गंमत करू नका. रोलरवर खड्डे, निळसर डाग, ओरखडे असतील तर ते बेअरिंग गेलं. त्यासोबत हबमध्ये बसलेला कपही बदला. नवं बेअरिंग जुन्या कपवर लवकर मरतं. कप ठोकून बसवायचं काम पहिल्यांदा मिस्त्रींकडून करून घ्या.

बेअरिंग चांगलं असेल तर व्हील बेअरिंगचंच ग्रीस घ्या. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत जा, रोलरच्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. हब मात्र ग्रीसने गच्च भरू नका, तापलं की ते सीलमधून निघून ब्रेकवर जातं. सील नवंच टाका.

नट आवळण्याची पद्धत: चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करा. मग पुस्तकात दिल्याप्रमाणे हलका आवळून स्प्लिट पिन घाला. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर चाक डुलतं. स्प्लिट पिन नेहमी नवी. जुनी सरळ करून पुन्हा वापरलेली पिन तुटते, आणि तिच्यावर तुमचं चाक अवलंबून असतं.

शॉकअप बदलणं. स्प्रिंगपासून वेगळा बसवलेला शॉकअप असेल तर दोन बोल्टचं काम आहे. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

हे स्वतः करायचं नाही

कॉइल स्प्रिंग काढणं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. टॉर्शन बार सोडणं, तेही तसंच. किंग पिन बसवणं, कारण त्याला प्रेस आणि बुश मापात रीम करायचं हत्यार लागतं. यू-बोल्ट सोडून पाट्यांचं काम. ब्रेकची तेलाची लाइन उघडणं. तडा गेलेल्या आर्मला, ॲक्सलला वेल्डिंग मारून गाडी चालवणं, हे तर कोणाकडूनही करून घेऊ नका.

टायरॉड एंड मधे कुठेतरी बसतो. बदलता येतो, पण आधी जुन्या एंडची लांबी मोजा, काढताना किती आटे फिरले ते मोजा, नवा तेवढेच आटे फिरवून बसवा. आणि तिथून थेट अलाइनमेंटला जा. अलाइनमेंट न करता माल भरलात तर महिन्याभरात टायर सांगेल.

मित्रांनो, गॅरेजला काम देणं म्हणजे हार नाही. कोणतं काम आपल्या हातचं आणि कोणतं नाही हे कळणं हाच धंद्यातला शहाणपणा.

चाक परत लावताना: माझी दुसरी चूक

ही चूक सांगायला मला आजही लाज वाटते. एकदा घाईत चाक काढून ग्रीस भरलं आणि परत लावलं. नट हवेतच आवळले, गाडी उतरवून पुन्हा तपासले नाहीत. पहाटे माल भरून निघालो. माळशेज घाट सुरू व्हायच्या थोडं आधी स्टिअरिंगमध्ये वेगळाच हादरा जाणवला. शेजारी माझा मुलगा झोपला होता. गाडी बाजूला घेतली, बॅटरी लावून बघितलं. तीन नट हाताने फिरत होते. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर उतारावर, वळणावर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे आणि ती तुम्हीही पाळा:

रिम आणि हब जिथे टेकतात तिथला गंज, माती, रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने साफ करा. मधे घाण राहिली की नट आवळलेला वाटतो आणि नंतर सैल होतो. नटाची निमुळती बाजू रिमकडे. स्टडच्या आट्यांना ग्रीस, ऑइल लावू नका. आधी सगळे नट हाताने बसवा. मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळा, शेजारचे ओळीने नाही. गाडी जमिनीवर उतरवा आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहणं म्हणजे स्टड ताणणं. आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा तपासा. टायरवाल्याने चाक बसवलं असलं तरी हे तुम्हीच करायचं.

मूळ कारण: जास्तीचा माल

सगळं नीट केलं आणि पुन्हा सहा महिन्यांत तेच काम निघालं, तर गाडीच्या आरसीकडे बघा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि मालासह एकूण परवानगीचं वजन असतं. पहिलं दुसऱ्यातून वजा करा. तेवढाच माल, त्यात माणसांचं वजनही आलं.

काही जण एक पाटा वाढवून घेतात. गाडी बसत नाही म्हणून वाटतं, क्षमता वाढली. पाटा वाढला, पण बेअरिंग, ॲक्सल, ब्रेक, टायर होते तेच राहिले. आरसीवरचा आकडाही तोच राहिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. एका खेपेत जादा क्रेटचे किती मिळतात आणि त्यासाठी काय काय पणाला लागतं, हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

मिस्त्रींशी कसं बोलाल

गाडी देताना "काय ते बघा" असं म्हणू नका. तुम्ही काय तपासलं ते सांगा: कोणतं चाक, कोणत्या दिशेला प्ले, ब्रेक दाबल्यावर राहतो की जातो. मग विचारा, "तुम्हाला काय वाटतं? मला एकदा हलवून दाखवाल का?" चांगले मिस्त्री आनंदाने दाखवतात. त्यांच्या अनुभवाचा मान ठेवा, तुमचं ज्ञान त्यांना शिकवू नका. काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या, बिल घ्या, आणि निघण्याआधी चाक पुन्हा हलवून बघा.

घरी एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय तपासलं, काय बदललं, किती खर्च, गाडी किती दिवस उभी. वर्षाने ही वही सांगेल की गाडी दुरुस्त करत राहायची की विकायची. हा निर्णय अंदाजाने घेऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

गाडी रिकामी असेल त्या दिवशी एक तास काढा. टायरची हवा मोजा, पट्टा बघा. दोन्ही पुढची चाकं एकेक करून उचला, बारा-सहा आणि नऊ-तीन हलवून बघा. सगळे ग्रीस निप्पल पुसून, मोजून वहीत लिहा आणि कोणता ग्रीस घेत नाही ते बघा. काहीही बदलू नका, काहीही विकत आणू नका. फक्त तपासा आणि लिहा.

घरातल्या मुलाला किंवा मुलीला ब्रेक दाबायला बोलवा. माझा मुलगा त्या दिवशी काकांच्या गॅरेजमध्ये ब्रेक दाबून बसला होता, म्हणून आज मला न सांगता तोच दर महिन्याला चाक हलवून बघतो.

पुढच्या धड्यात या वहीतले आकडे घेऊन गाडीचा प्रति किलोमीटर खर्च काढू. वही घेऊन या. तोपर्यंत सांभाळून चालवा, आणि निघण्याआधी नट बघा!